‘एन्क्रिप्ट केलेले’ या एका ओळीचे परीक्षण

दसऱ्याच्या सुमारास आईसाठी नवा फोन घ्यायचे ठरले आणि तिचा जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यावा म्हणून मी नाशिकमधल्या एका मोबाईलच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेतला, मागचे झाकण नखाने उचकटून बॅटरी फुगली आहे का ते पाहिले, पडद्यावरचे दोन चरे दाखवून किमतीतले शंभर रुपये कमी केले आणि म्हणाला, “काका, पॅटर्न तेवढा काढून द्या, रिसेट आम्हीच मारतो.” रिसेट मारल्यावर आतले फोटो नक्की जातात का, असे मी विचारले. “सगळं जातं, काका,” असे तो म्हणाला खरा, पण तोवर त्याची नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. मी फोन खिशात घातला आणि घरी आलो. रिसेटनंतर आतला मजकूर खरोखर जातो की नाही, हे फोनची साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे गुप्त आकड्यांच्या किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात लिहिलेली, आहे की नाही यावर पुष्कळसे अवलंबून असते, एवढे मला ठाऊक होते. ती तशी आहे की नाही हे कसे तपासायचे, ते मात्र नीट ठाऊक नव्हते.

त्यानंतरचे तीन-चार दिवस घरातले चारही फोन मी या एकाच प्रश्नासाठी उघडून बसलो. आईचा २०१५ सालचा जुना अँड्रॉइड, माझा आणि पत्नीचा अलीकडचा अँड्रॉइड, आणि मुलाचा आयफोन. हे परीक्षण त्या फोनांचे नाही, तर साठवण एन्क्रिप्ट केलेली आहे का हे मालकाला कळावे म्हणून त्यांत दिलेल्या सोयींचे आहे. कॅमेऱ्याचे आणि बॅटरीचे परीक्षण करणारे उदंड आहेत. सेटिंगच्या तळाशी पडून असलेल्या या एका ओळीकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि तिच्याकडे बघण्याची वेळ बहुधा फोन हरवल्यावर किंवा विकायला काढल्यावरच येते.

पडद्यावरचा पिन आणि साठवणीचे एन्क्रिप्शन या दोन गोष्टी लोक एकच समजतात, त्या तशा नाहीत. एन्क्रिप्शन नसलेल्या फोनच्या पडद्याला कितीही अवघड पॅटर्न लावला, तरी आतल्या चिपवर छायाचित्रे, संदेश, पासबुकाच्या पहिल्या पानाचा काढून ठेवलेला फोटो हे सगळे जसेच्या तसे लिहिलेले असते, आणि चिप थेट वाचण्याचे साधन ज्याच्याकडे आहे त्याला पडद्याशी काही देणेघेणे उरत नाही. रिसेटचीही तीच गत आहे. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले होते. त्यांवर अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या, आणि फॅक्टरी रिसेट केल्यानंतरही त्यांतून संदेश, छायाचित्रे, इतकेच नव्हे तर गूगल खात्यात शिरता येईल अशी टोकनेही परत मिळवता आली होती. रिसेट करूनही आतला मजकूर नीट पुसला जात नाही असे फोन जगात ५० कोटींपर्यंत असू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. याउलट, साठवण पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिसेटच्या वेळी फक्त किल्ली नष्ट करावी लागते. मागे काही उरले तरी ते अर्थहीन आकड्यांचा ढीग असतो.

तपासणीची पहिली सोय म्हणजे अँड्रॉइडचे स्वतःचे सेटिंग. पिक्सेल फोनमध्ये ‘सुरक्षा आणि गोपनीयता’ या विभागात जाऊन, खाली जास्तीच्या पर्यायांत शिरून ‘एन्क्रिप्शन आणि क्रेडेन्शियल’ असे पान उघडते आणि तिथे ‘फोन एन्क्रिप्ट करा’ या ओळीखाली ‘एन्क्रिप्ट केलेले’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. शाओमीच्या फोनांत हेच पान पासवर्ड आणि सुरक्षेच्या विभागातून गोपनीयतेत शिरल्यावर सापडते. सॅमसंगच्या नव्या फोनांत ठळकपणे दिसते ती मेमरी कार्ड एन्क्रिप्ट करण्याची ओळ. म्हणजे रस्ता कंपनीगणिक वेगळा आहे आणि तो पाठ करण्यात अर्थ नाही. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाकणे हाच शहाणपणा. त्यातही एक गंमत झाली. माझ्या फोनची भाषा मराठी आहे. मी शोधपट्टीत ‘एन्क्रिप्शन’ असा शब्द अर्ध्या न ने टाकला, तर काहीच सापडले नाही. इंग्रजीत टाकला, तरी नाही. शेवटी अनुस्वार देऊन ‘एंक्रिप्शन’ असे लिहिले तेव्हा ते पान हजर झाले. शुद्धलेखनाचा असा कडक परीक्षक मला शाळेनंतर प्रथमच भेटला.

पान सापडल्यावर मिळते काय? एक करडी, निर्जीव ओळ. तिच्यावर बोट ठेवले तरी काही उघडत नाही. कोणत्या पद्धतीने एन्क्रिप्ट केले आहे, किल्ली कशाच्या आधारे राखली आहे, कार्डाचे काय, यांपैकी काहीही ती सांगत नाही. खोटे बोलत नाही, पण तोंडही उघडत नाही, असा तिचा स्वभाव आहे, आणि हा मितभाषीपणा किती महागात पडू शकतो हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

अँड्रॉइडमध्ये पूर्ण साठवण एन्क्रिप्ट करण्याची सोय ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे, पण ती वापरायची की नाही हे मालकावर सोपवलेले होते, आणि मालक ती वापरत नसत. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ५.० आवृत्तीच्या वेळी गूगलने एन्क्रिप्शन मुळातच चालू असेल असे जाहीर केले आणि स्वतःच्या नेक्सस ६ व नेक्सस ९ या उपकरणांत ते तसे दिलेही. इतर कंपन्यांसाठी मात्र २०१५ च्या सुरुवातीला सक्तीऐवजी नुसती शिफारस उरली. कारण वेगाचे होते. एन्क्रिप्शनसाठी वापरली जाणारी एईएस ही पद्धत ज्या प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी खास सूचना कोरलेल्या असतात त्यावर झपाट्याने चालते, आणि स्वस्त फोनांतल्या प्रोसेसरांत त्या नव्हत्या. पुढे ६.० आवृत्तीत सक्ती आली, तीही सेकंदाला ५० मेबीबाइटपेक्षा अधिक वेगाने एईएस चालवू शकणाऱ्या नव्या फोनांपुरती. जुन्या आवृत्तीसह बाजारात आलेला आणि नंतर ६.० वर चढवलेला फोन त्यातून सुटू शकत होता. म्हणून ‘माझ्या फोनवर अमुक आवृत्ती आहे, म्हणजे तो एन्क्रिप्ट असणारच’ हा हिशेब जुन्या फोनांबाबत चुकतो; फोन दुकानात आला त्या दिवशी त्यावर कोणती आवृत्ती होती, हे पाहायला हवे.

स्वस्त फोनांचा प्रश्न सुटला तो २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत गूगलने अ‍ॅडियँटम नावाची पद्धत जाहीर केली. तिच्यात एईएसचा भार कमी करून चाचा या हलक्या पद्धतीचा आधार घेतलेला आहे, आणि कॉर्टेक्स ए-७ सारख्या साध्या प्रोसेसरवर ती एईएसच्या सुमारे पाचपट वेगाने चालते. त्यानंतर आलेल्या अँड्रॉइड १० पासून, त्या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनला, तो कितीही स्वस्त असो, एन्क्रिप्शन बंधनकारक झाले. आपल्याकडे सात-आठ हजारांच्या फोनवर सगळा संसार चालवणारी माणसे पुष्कळ आहेत, त्यांच्या दृष्टीने कॅमेऱ्याच्या वाढलेल्या मेगापिक्सेलपेक्षा ही मोठी घटना होती, पण तिची जाहिरात कोणी केली नाही.

आता त्या करड्या ओळीकडे परत येतो. ५.० आवृत्तीच्या काळात जो फोन एन्क्रिप्ट होऊनच पेटीतून बाहेर येई, पण ज्याला मालकाने पिन लावलेला नसे, त्याची किल्ली एका ठरीव पासवर्डाने राखलेली असे, आणि तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतले ‘डिफॉल्ट’ आणि ‘पासवर्ड’ हे दोन शब्द अधोरेषेने जोडलेले, एवढाच होता. हे गुपितही नव्हते. अँड्रॉइडच्या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात ते लिहिलेले आहे. बऱ्याच फोनांत ही किल्ली प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्याशीही बांधलेली असल्यामुळे नुसती चिप उपसून नेणाऱ्याचे काम सोपे होत नसे, परंतु ज्याच्या हातात अख्खा फोन आहे त्याला अडवणारे त्यात काही नव्हते. आमच्याकडे गावाला घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगण्याची रीत होती, तिची आठवण झाली. तरीही सेटिंगमधली ओळ म्हणत असे: एन्क्रिप्ट केलेले.

यावर कोणी म्हणेल की ते जुने झाले. म्हणून मी पत्नीचा फोन तपासला. तो अलीकडचा आहे, पण तिने त्याला कसलेच कुलूप लावलेले नव्हते; बोट वर सरकवले की फोन उघडा. “अहो, पिन घालेपर्यंत दूध उतू जातं,” हे तिचे त्यावरचे म्हणणे, आणि स्वयंपाक करताना फोन घेण्याचा ज्याला अनुभव आहे तो ते खोडून काढणार नाही. तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये मी ती ओळ उघडली. एन्क्रिप्ट केलेले. माझ्या फोनला सहा आकडी पिन आहे, त्याचीही ओळ उघडली आणि दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तोच शब्द, तोच करडा रंग. एक फोन वाटेत पडला तर सापडणाऱ्याला दगडासारखा आणि दुसरा उघड्या वहीसारखा, हा फरक त्या ओळीला दिसतच नाही.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे, आणि तो वाढतो याचे कारण असे की हा फरक अँड्रॉइडला कळत नाही असे नाही. एखादे अ‍ॅप, विशेषतः कार्यालयाकडून फोनवर बसवले जाणारे नियंत्रणाचे अ‍ॅप, साठवणीची स्थिती विचारते तेव्हा प्रणाली त्याला आकड्यांत उत्तर देते. एन्क्रिप्शनची सोयच नाही, सोय आहे पण बंद आहे, चालू आहे, अशी उत्तरे सुरुवातीपासून होती. ६.० आवृत्तीत त्यात एक नवे उत्तर घातले गेले: एन्क्रिप्शन चालू आहे, पण किल्ली मालकाच्या पिनाने राखलेली नाही. ७.० मध्ये आणखी एक आले: वापरकर्तानिहाय किल्लीने चालू आहे. म्हणजे बँकेच्या किंवा कंपनीच्या व्यवस्थापकाला प्रणाली जे बारकावे सांगायला तयार आहे, ते ज्याच्या खिशात फोन आहे त्याला सांगताना मात्र ती एका शब्दावर भागवते.

दुसरी सोय संगणकावरून तपासण्याची आहे. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर जाऊन बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवले की विकासकांसाठीचे पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलने जोडलेल्या संगणकाला फोनला आज्ञा देऊ देणारी सोय, चालू करायचे, फोन केबलने संगणकाला जोडायचा, पडद्यावर आलेल्या परवानगीला हो म्हणायचे, आणि गूगलच्या मोफत मिळणाऱ्या एडीबी या साधनातून एक आज्ञा द्यायची. ती उच्चारात सांगायची तर ‘एडीबी शेल गेटप्रॉप आरओ डॉट क्रिप्टो डॉट स्टेट’ अशी आहे. टंकताना अर्थात रोमन लिपीतली लहान अक्षरे वापरायची, ‘डॉट’च्या जागी टिंब द्यायचे आणि आरओपासून पुढचा भाग सलग लिहायचा. उत्तर एका शब्दात येते, ‘एन्क्रिप्टेड’ किंवा ‘अनएन्क्रिप्टेड’. त्याच आज्ञेत ‘स्टेट’च्या जागी ‘टाइप’ लिहिले की ७.० आणि नंतरच्या फोनांत पद्धतही कळते: ‘ब्लॉक’ म्हणजे सगळी साठवण एकाच किल्लीने बंद करण्याची जुनी पद्धत, ‘फाइल’ म्हणजे फाइलनिहाय वेगवेगळ्या किल्ल्यांची नवी. माझ्या आणि पत्नीच्या फोनने ‘फाइल’ असे उत्तर दिले. आईच्या फोनने पहिल्याच प्रश्नाला ‘अनएन्क्रिप्टेड’ असे स्वच्छ सांगितले. स्पष्टपणाबद्दल या सोयीला मी पैकीच्या पैकी गुण देईन, पण ती घरातल्या चारांपैकी तिघांना सांगून उपयोग नाही, आणि तपासून झाल्यावर डीबगिंग बंद करायला विसरलो तर सुरक्षितता तपासता तपासता तीच सैल केल्यासारखे होईल. मी स्वतः विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी बँकेचे अ‍ॅप उघडेना तेव्हा आठवण झाली.

आयफोनची तऱ्हा निराळी. २००९ च्या ३जीएस पासून आयफोनची साठवण प्रोसेसर आणि चिप यांच्यामधल्याच यंत्रणेत एन्क्रिप्ट होत आलेली आहे. ते बंद करण्याची सोय नाही, त्यामुळे ते चालू आहे का असा प्रश्नही तिथे विचारावा लागत नाही. तिथे विचारायचा प्रश्न असतो तो पासकोडाचा. सेटिंगमध्ये ‘फेस आयडी आणि पासकोड’ या पानावर अगदी तळाला, दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळे पुसून टाकण्याच्या बटणाखाली, डेटाचे संरक्षण चालू असल्याचे एक वाक्य येते. मुलाला मी पासकोड काही मिनिटांपुरता काढायला लावला. त्याने कुरकुर केली, कारण पासकोड काढला की फोनमध्ये जतन केलेली काही कार्डे पुन्हा भरावी लागतात. पण पासकोड काढताच ते वाक्य नाहीसे झाले आणि परत घालताच पुन्हा उगवले. ओळ तितकीच बारीक, जागा तितकीच अडगळीची; पण ती योग्य प्रश्नाचे उत्तर देते. साठवण गुंतागुंतीची करून ठेवली आहे का, एवढेच न सांगता तिची किल्ली तुमच्या पासकोडाशी बांधलेली आहे का, हे ती सांगते.

पासकोड किती आकडी असावा, याचा हिशेबही अ‍ॅपलच्याच जाहीर माहितीवरून मांडता येतो. पासकोडाचा एक प्रयत्न पडताळायला सुमारे ८० मिलिसेकंद लागावेत, अशी त्या यंत्रणेची रचना आहे. मधली सक्तीची थांबण्याची वेळ कोणी टाळली असे गृहीत धरले, तर चार आकडी पासकोडाच्या १०,००० शक्यता १३ ते १४ मिनिटांत संपतात, सहा आकडीच्या दहा लाख शक्यतांना सुमारे २२ तास लागतात, आणि लहान अक्षरे व आकडे मिळून सहा चिन्हे घेतली तर साडेपाच वर्षांहून अधिक. चार आकड्यांत आपल्या जन्माचे साल घालणाऱ्यांना तर १३ मिनिटेही मिळणार नाहीत.

तिसरी सोय ही खरे तर कंपनीने तपासणीसाठी दिलेलीच नाही, पण मला ती सगळ्यांत आवडली, कारण तिला सेटिंगही लागत नाही आणि संगणकही. फोन बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पिन न घालता तसाच टेबलावर ठेवायचा. मग दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावायचा. पत्नीने स्वयंपाकघरातून मला फोन लावला, तेव्हा माझ्या पडद्यावर तिचे नाव आले नाही. नुसता दहा आकडी क्रमांक दिसला, जणू कोणी अनोळखी बोलते आहे. नावांची यादी पिनाने राखलेल्या भागात असते आणि पिन अजून घातलेला नसतो, म्हणून फोनलाच ठाऊक नसते की हा क्रमांक कोणाचा. बोटाचा ठसाही अशा वेळी चालत नाही, पिनच मागितला जातो. पिन घातला, तिने पुन्हा लावला, आता नाव आले. फोनवरचे नाव गायब होणे हा कोणत्याही करड्या ओळीपेक्षा बोलका पुरावा आहे. मुलाच्या आयफोनवरही तसेच घडले. बिनकुलपाच्या फोनवर मात्र सुरू होता क्षणी नाव दिसले; ज्या फरकाबद्दल ओळ गप्प राहिली, तो या चाचणीने दोन मिनिटांत दाखवला.

फोन नुकताच सुरू झालेला असतानाही क्रमांक दिसतो, घंटी वाजते, गजर होतो, याचे श्रेय ७.० आवृत्तीतल्या फाइलनिहाय पद्धतीला आहे. त्याआधीच्या पद्धतीत, सुरू होतानाच पिन मागण्याची निवड केलेली असेल, तर पिन घालेपर्यंत फोन जागाच होत नसे. रात्री आपोआप बंद होऊन सुरू झाला तर सकाळचा गजर गेलाच म्हणून समजा. नव्या पद्धतीत गजरासारख्या मोजक्या गोष्टी वेगळ्या कप्प्यात ठेवल्या जातात आणि बाकीचे सगळे पहिल्यांदा पिन घालेपर्यंत बंद राहते. एकदा पिन घातला की मात्र त्या किल्ल्या फोनच्या स्मृतीत राहतात, मग पडदा बंद असो वा नसो. म्हणून प्रवासात सामानात ठेवताना किंवा कोणाच्या ताब्यात देताना फोन नुसता लॉक करण्यापेक्षा बंद करणे अधिक चांगले. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने प्ले सर्व्हिसेसद्वारे, सलग तीन दिवस कुलूपबंद राहिलेला फोन आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय आणली, ती याच विचाराने.

या कोणत्याही सोयीने ज्याची दखल घेतली नाही, ते म्हणजे मेमरी कार्ड. आईच्या फोनमधले ३२ जीबीचे कार्ड काढून मी संगणकाच्या कार्ड रीडरमध्ये घातले, आणि नातवाच्या बारशाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, तिच्या आधार कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकापाठोपाठ एक उघडत गेली. फोन एन्क्रिप्ट असता तरी हेच झाले असते, कारण नुसते अधिकची जागा म्हणून वापरलेले कार्ड फोनच्या एन्क्रिप्शनमध्ये येत नाही. अँड्रॉइड ६.० पासून कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणीचाच भाग करून घेण्याची सोय आली, तिच्यात ते एन्क्रिप्ट होते. सॅमसंगमध्ये कार्डापुरता वेगळा पर्याय आहे. पण असे कार्ड मग दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही, आणि फोन रिसेट करण्यापूर्वी ते उलगडून घेतले नाही तर फोटो कायमचे जातात. वयस्कर माणसांच्या फोनमध्ये फोटो बहुधा कार्डावरच असतात, म्हणून हे आधी सांगायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउडवरचा बॅकअप हाही असाच फोनबाहेरचा भाग. त्याला ऑक्टोबर २०२१ पासून पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावता येते, पण ती सोय आपण होऊन चालू करावी लागते.

आईच्या फोनचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण जुन्या फोनवर ही सोय वापरण्याचा अनुभव त्याखेरीज पूर्ण होत नाही. ५.१ आवृत्तीच्या त्या फोनमध्ये ‘फोन एन्क्रिप्ट करा’ असे बटण होते, पण ते दाबले जाईना. अट अशी की बॅटरी किमान ८० टक्के भरलेली हवी आणि चार्जरही जोडलेला हवा. मधेच वीज गेली तर आतला मजकूर जाऊ शकतो, असा इशाराही होता. इतकी वर्षे वापरलेली ती बॅटरी ७६ वर येऊन अडून बसे. फोन बंद ठेवून रात्रभर चार्ज केला तेव्हा ती कशीबशी ८३ वर पोचली आणि बटण उजळले. त्याआधी आणखी एक काम करून ठेवले होते. त्या काळची जलद पद्धत साठवणीतला फक्त वापरात असलेला भाग एन्क्रिप्ट करते, म्हणजे पूर्वी खोडलेले फोटो मोकळ्या समजल्या जाणाऱ्या जागेत उघडेच राहू शकतात. म्हणून गरजेचे सगळे काढून घेतल्यावर फोन खिडकीत उभा केला आणि समोरच्या गुलमोहराचे चित्रीकरण साठवण भरेपर्यंत चालू ठेवले. प्रत्येक फाइल चार जीबीला पोचली की चित्रीकरण थांबे आणि मला उठून पुन्हा बटण दाबावे लागे. दुपार त्यात गेली, आणि आई दोनदा येऊन झाडावर काय बसले आहे ते विचारून गेली.

भरलेला फोन एन्क्रिप्ट व्हायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागला. पासवर्ड १६ अक्षरांचा घातला, तो मुद्दाम आडवातिडवा आणि पुन्हा कधीही न आठवणारा. कारण केंब्रिजच्या त्याच अभ्यासाने दाखवले होते की काही फोनांत रिसेटनंतरही किल्लीची बंद पेटी मागे राहते, आणि पासवर्ड साधा असेल तर ती फोडता येते. मग रिसेट केला, कार्ड काढून घेतले, आणि फोन त्याच दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने माझ्यादेखत तो पुन्हा एकदा रिसेट केला आणि चऱ्यांचे शंभर रुपये पुन्हा कापले.

तीन सोयींची तुलना करायची तर घरगुती वापरासाठी मी फोन सुरू करून नाव दिसते का हे पाहण्याची चाचणीच सुचवीन. विकायला काढलेल्या जुन्या फोनसाठी संगणकावरची आज्ञा, निदान घरात कोणी ती देऊ शकत असेल तर. सेटिंगमधल्या अँड्रॉइडच्या ओळीला पाचांपैकी दोन गुण. ते दोन ती खोटे बोलत नाही म्हणून. आयफोनच्या ओळीला चार, आणि एक गुण ती पानाच्या तळाशी पुरून ठेवल्याबद्दल कापला.

पत्नीने शेवटी पिन लावला. सहा आकडी आहे, आणि तो मला सांगितलेला नाही. दूध एकदा उतू गेले. पिन लावल्यावर मी तिच्या फोनचे सेटिंग पुन्हा उघडून पाहिले, तर ती ओळ जशीच्या तशी होती, एका अक्षराचाही फरक नव्हता.